साखर पेठेतलं टोब्रुक

चार वाजलेत. लाईट गेली, लूम गप्प.
पारा त्रेचाळीसवर, आणि गुर्रमच्या हॉटेलात
आठवं सैन्य पुन्हा एकदा माघार घेतंय.

टेबलाच्या फरशीवर मिठाची रेघ: ही गझाला लाईन.
काडेपेटीतल्या काड्या म्हणजे रणगाडे,
गुलाच्या जर्मनांच्या, जळक्या इंग्रजांच्या
(हलकुडे सरांनी निकाल आधीच लावून टाकलाय).
खाली, जिथं मीठ संपतं,
तिथं शेंगाचटणीचा ठिपका. बिर हकीम.
"इथनं वळसा घातला त्यानं," म्हणत सर बोट फिरवतात,
बोटाला चटणी लागते, ती चाटून टाकतात,
आणि बिर हकीम पडतं
इतिहासाच्या पंधरा दिवस आधी.

"रोमेल तो रोमेल," बोमड्याल म्हणतो.
टॉवेलच्या ऑर्डरीपलीकडं
ह्यानं जन्मात कुठं चढाई केलेली नाही.
"पेट्रोल नसताना इजिप्तात घुसला का नाही?"
"घुसला. आणि परत कसा आला, ते सांग बे.
गोदामात सूत नाही अन् ऑर्डर घेऊन बसला.
तुझी मागची दिवाळी तशीच गेली की."
सगळे हसतात.
बोमड्याल एक जळकी काडी मोडतो.

मग रोजचं भांडण: ऑकिनलेक का माँटगोमेरी?
मी ऑकिनलेकचा माणूस.
जुलैत वाळूत पाय रोवून उभा राहिला तो,
टाळ्या पडल्या नोव्हेंबरात, दुसऱ्यासाठी.
मी विणकर सोसायटीत बावीस वर्षं खतावणी लिहिली.
सुवर्णमहोत्सवाला शाल मिळाली
सहा महिन्यांपूर्वी आलेल्या सेक्रेटरीला.
पण ते जाऊ दे. मुद्दा ऑकिनलेकचा आहे.

"पाणी किती मिळायचं माणशी?" कुणीतरी विचारलं.
सर म्हणाले गॅलन. बोमड्याल म्हणाला अर्धा.
तेव्हा कोपऱ्यातनं मैनोद्दीन बागवान बोलला,
जो सात वर्षं इथं फक्त चहा प्यायला येतो:

"पेट्रोलच्याच डब्यातनं द्यायचे.
अब्बा गाडीवर होते. पाण्याच्या.
डबे पत्र्याचे, उसवायचे, निम्मं वाटेतच गळायचं.
राहिलेल्याला पेट्रोलचा वास.
तोच चहा. त्याच पाण्यानं वजू, कधी नुसत्या वाळूनं."

सर पुढं झुकले. "जनरल कुणी बघितला का रे त्यांनी?"

"मीबी विचारलो होतो लहानपणी.
म्हणाले, एकदा एक गाडी गेली धुरळा उडवत.
सगळे उभे राहिले, म्हणून तेबी उभे राहिले.
आत कोण होतं, दिसलं नाही."

पंखा बंदच होता. माशी मिठावर बसली,
उठली, पुन्हा बसली.

"मरेपर्यंत," मैनोद्दीन म्हणाला,
"आम्मी पाणी दिली की आधी वास घ्यायचे.
रोज. तिला वाटायचं, तिचा हात वंगाळ.
चाळीस वर्षं ती तांब्या चिंचेनं घासली."

ह्यावर कुणालाच
कुठला सेनापती सुचेना.

एवढ्यात गल्लीतनं पोराची आरोळी: नळ आलाऽऽ!
पाचव्या दिवशी, आणि तेही भलत्या वेळी.
खुर्च्या सरकल्या, चपला अदलाबदल झाल्या,
बोमड्याल सरांच्या चपला घालून पळाला,
सर अनवाणी, तापल्या डांबरावर उड्या मारत.
असली माघार कुठल्या नकाशात दाखवणार?
सगळ्यांच्या पुढं मैनोद्दीन,
दोन्ही हातात कॅन.

मी राहिलो मागं, भाड्याच्या खोलीत एकटाच असतो,
एका बादलीत भागतं.
गुर्रमच्या पोरानं फडकं मारलं:
गझाला, टोब्रुक, अलामेन एका हातात गोळा,
बाहेर गटारीत.
"सहा चहा झाले, साहेब. कुणाच्या नावावर?"

"ऑकिनलेकच्या," मी म्हणालो.
त्यानं वहीत माझंच नाव लिहिलं.